ज्ञानेशचा पाय नेमका कुठं पडला

जयमालाला प्रश्न विचारायची खोड होती, आणि चाकणची एक कंपनी तिला त्या खोडीचाच पगार देत होती. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती तपासणीला होती. एखादा भाग खराब निघाला की तिनं लाइनवर जायचं आणि विचारायचं, का? उत्तर आलं की त्या उत्तरालाच धरून पुन्हा विचारायचं, का? असं खणत खणत मुळाशी जायचं. कंपनीत याला व्हाय-व्हाय म्हणतात. जपानी लोकांनी हे काढलं ते दुखण्याचं मूळ सापडावं म्हणून. आपल्या साहेबांनी त्याचं काय केलं ते चाकणच्या कुठल्याही कंत्राटी पोराला विचारा. सुरुवात कुठूनही करा, शेवटची ओळ ठरलेली असते: ऑपरेटरची चूक. बेअरिंग झिजलेलं असो, तेल भिकार असो, डबल शिफ्ट मारून माणूस उभ्या उभ्या पेंगत असो, सही व्हायची ती याच ओळीखाली. आणि ज्याच्या नावावर ती ओळ पडली, तो दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर.

ती ओळ लिहिताना जयमालाचा हात अडायचा. पण लिहायची. घर तिच्या पगारावर चाललं होतं.

कारण धाकटा भाऊ ज्ञानेश घरी बसला होता. ही मंडळी मूळची भूम तालुक्यातली. बाप कामाला म्हणून मोशीत आला, पोरं इथंच वाढली, बाप इथंच गेला. ज्ञानेश निघोज्याच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंग शिकला आणि त्याचा हात असा बसला की त्याचा जोड घासायला ग्राइंडरवाला लागत नसे. तिथून एका कंत्राटदाराच्या जयदीप नावाच्या सुपरवायझरनं त्याला उचललं आणि समुद्रात नेलं. मुंबईच्या किनाऱ्यापासून खूप आत, जिथून जमीन दिसत नाही, तिथं तेल आणि गॅस उपसायचे लोखंडी प्लॅटफॉर्म उभे आहेत. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून त्यांना सारखे वेल्डर लागतात. मालक मोठा, त्याच्याखाली कंत्राटदार, त्याच्याखाली आणखी एक, आणि सगळ्यांच्या खाली मोशीचा ज्ञानेश.

गेला तेव्हा दोन पायांवर गेला. आला तो वॉकर धरून. डावा पंजा चेंगरलेला, दोन बोटं गायब, घोट्यात सळई. ज्या वेल्डरला उकिडवं बसता येत नाही त्याला या पट्ट्यात कोण विचारतो!

जयदीप भेटायला यायचा. बुलेटवरून, सफरचंदं घेऊन. माणूस गोड.

"ज्ञाना, भावा, बरा होशील रे. फक्त एक ध्यानात ठेव. बोटीवर घसरलास तू. डेकवर तेल सांडलं होतं, पाय घसरला. एवढंच."

"हो," ज्ञानेश म्हणायचा, आणि भिंतीकडं बघायचा.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. "कुणी विचारलं तर बोटीवर. विसरू नको राव."

जयमाला आतून चहा घेऊन आली होती. ट्रे हातात धरूनच ती उभी राहिली. ज्याचा पाय तुटला, त्याला पाय कुठं तुटला ते परक्या माणसानं पाठ करून का द्यावं लागतं? तिच्या डोक्यात ते कुसळासारखं घुसलं.

"जयदीपभाऊ, बोटीवर म्हणजे बोटीवर नेमकं कुठं?"

"अहो ताई, डेकवर."

"तुम्ही होता तिथं?"

जयदीपनं चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली असणार. "माझी मीटिंग आहे ताई, भोसरीला," म्हणत गेला.

नुकसानभरपाईचा दावा तोवर दाखल झाला होता. तो लढवत होत्या वकील कुसुमताई. पिंपरीत एका साडीच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. जिन्यात मळलेलं पोपटी कारपेट आणि आत पंख्याखाली फडफडणारे कागद. आयुष्यभर त्यांनी प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेल्या माणसांच्या केसेस लढवल्या होत्या. समुद्र त्यांच्याकडं पहिल्यांदाच आला होता. त्याचं त्यांना ओझं नव्हतं, उलट मजा वाटत होती. टेबलावर त्यांनी चक्क शाळेतला भारताचा नकाशा पसरला होता.

"तुझ्या कंपनीचं म्हणणं आलंय," त्या म्हणाल्या. "चलाख आहेत. तुझा पाय गेला नाही असं म्हणतच नाहीत. पाय गेला, पण तो या कोर्टाच्या हद्दीत गेला नाही, असं म्हणतात."

"म्हणजे?" जयमाला पुढं सरकली. ज्ञानेश वॉकरच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"हे बघ. हा आपला किनारा. इथून बारा सागरी मैल म्हणजे आपलं अंगणच समज. त्याच्या पुढं समुद्र सगळ्यांचा. पण समुद्राच्या तळाची जमीन आणि तिच्या पोटातलं तेल, त्यावर पुढंही बरंच लांबपर्यंत हक्क आपला. त्या तळावर पाय रोवून जे उभं आहे, तो प्लॅटफॉर्म, त्यालाही आपला कायदा लागतो."

"पाणी सगळ्यांचं आणि तळ आपला?" जयमालाला हसूच आलं. "म्हणजे खालच्या मजल्याचा मालक वेगळा, वरच्याचा वेगळा."

"मोशीतल्या सोसायटीसारखं. भांडणंही तशीच." कुसुमताईंनी पेन फिरवलं. "आता बोट बघ. बोट तरंगते. तिच्यावर झेंडा असतो. ही बोट कुठल्या देशाची? तर पनामाची. पनामाला ही बोट कधी गेली असेल असं मला वाटत नाही, पण झेंडा तिथला. आणि या शहाण्याकडून मुंबईच्या धक्क्यावर एका इंग्रजी कागदावर सही घेतलीये, की मी या बोटीचा खलाशी आहे आणि काही वाद झाला तर सिंगापूरला जाईन."

ज्ञानेशनं मान वर केली. "मॅडम, मी वेल्डर आहे. बोटीवर मला उलट्या व्हायच्या."

"तरी तू खलाशी. कागदावर. पाय बोटीवर गेला असला तर ते म्हणणार, आमचा खलाशी, परका झेंडा, परका करार, जा सिंगापूरला. मी भांडेन. पण वर्षं जातील, आणि हरूही. पाय प्लॅटफॉर्मवर गेला असता तर मात्र त्यांना पळायला जागा नव्हती. कामगार राहतो तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. तू मोशीला राहतोस, म्हणून दावा पुण्यात. संपलं."

"कायदा तरी कुठला लागणार? नवा आलाय ना आता?" जयमालानं पेपरात वाचलं होतं.

"कामगारांची नवी संहिता आली. जहाजांचाही नवा कायदा झालाय, त्यात तेल शोधणारं तरंगतं यंत्रसुद्धा जहाजात धरलंय. पुढं कोण खलाशी आणि कोण कामगार यावर रणं माजतील बघ. पण आपला अपघात त्याआधीचा. आपल्याला जुनाच कायदा, शंभर वर्षांचा म्हातारा. दात आहेत त्याला अजून." त्यांनी ज्ञानेशकडं पाहिलं. "आधी एवढंच ठरणार आहे, की पुण्याच्या कोर्टाला ही केस ऐकायचा अधिकार आहे का. तिथं नाही म्हटलं की दार बंद. मला तुझं प्रतिज्ञापत्र करायचंय. शपथेवर. म्हणून एकदाच विचारते. कुठं होतास?"

ज्ञानेशनं नकाशावरच्या निळ्या पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "बोटीवर. घसरलो."

कुसुमताईंनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या आठवड्यात ये. तोवर आठव."

गुरुवारी आख्ख्या पट्ट्याला सुट्टी. मोशीच्या त्या दोन खोल्यांत दुपारचं जेवण झालं होतं. आई, अंबुबाई, लसूण सोलत बसली होती. जयमालानं छताच्या कडीतून सुतळी ओवली. कधीकाळी पाळण्यासाठी ठोकलेली कडी ती. सुतळीला तिनं पिठाची चाळणी चार बाजूंनी बांधून लोंबकळत सोडली.

"आता गं काय ह्ये?" अंबुबाई म्हणाली. "पीठ हवंत चाळायलीस का?"

"आई, ही बास्केट. ज्ञाना, ये. मला समजावून सांग. बोटीवरनं प्लॅटफॉर्मवर माणसं चढवतात कशी?"

"कशाला पण तायडे?"

"अरे मला कळू दे ना. कुतूहल आहे."

कुतूहल हा शब्द तिनं असा म्हटला की तो हसला. कित्येक दिवसांनी हसला. वॉकर टेकवून खुर्चीत बसला आणि चाळणीकडं पाहून म्हणाला, "परात आण."

परातीत पाणी आलं. पाण्यात वाटी तरंगत सोडली, ती बोट. साखरेचा स्टीलचा डबा पाण्यात उभा केला, तो प्लॅटफॉर्म. "हा हलत नाही. ती वाटी सारखी हलते, वर-खाली, वर-खाली. म्हणून शिडी लावता येत नाही. मग वरची क्रेन बास्केट खाली सोडते. खाली गोल कडं, वर दोरांची जाळी, निमुळती." त्यानं आईच्या सुपातले लसणाचे गड्डे घेऊन चाळणीत टाकले. "या बॅगा. मधोमध."

"आन माणसं?" अंबुबाईनं विचारलं. आता तिचाही लसूण थांबला होता.

"माणसं बाहेर." त्यानं खिडकीतले कपड्यांचे चिमटे घेतले आणि चाळणीच्या काठाला बाहेरून एकेक लावत गेला. "कड्यावर पाय, तोंड आत, दोन्ही हातांनी दोर धरायचे."

"बॅगा आत आन माणसं भाहीर? कुन्या येड्यानं काढलं ह्ये?"

"वेड्यानं नाही आई, शहाण्यानं. बास्केट पाण्यात पडली तर आतला माणूस जाळीत गुंतून बुडेल. बाहेरचा हात सोडून पोहून जाईल."

"तुला पव्हता तरी येतंय का?"

"नाही."

तिघंही हसले. मग त्यानं सुतळी ओढली, चाळणी वर गेली, चिमटे डुलायला लागले. तो रंगात आला होता. क्रेनवाला कसा दिसत नाही, फक्त त्याचा हात दिसतो. वर गेल्यावर वारा कसा पिळतो. खाली पाणी कसं काळं, जाड, ग्रीससारखं दिसतं. "हवेत असताना ना तायडे, असं वाटतं की आपण कुणाचेच नाही. बोट सुटली, प्लॅटफॉर्म आला नाही." त्यानं चाळणी हळूहळू डब्यावर आणली. "मग बास्केट टेकते. टेकली की शिट्टी. शिट्टी झाली की उतरायचं."

चाळणी टेकली. त्यानं एकेक चिमटा काढून डब्यावर ठेवला. पिवळा. हिरवा. लाल.

निळा मात्र डब्यावर आधीच पडलेला होता. चाळणी टेकायच्या आधी. त्याच्याच बोटांनी तो काढून ठेवला होता आणि त्याला कळलंही नव्हतं.

जयमालानं निळा चिमटा उचलला. "हा कोण?"

ज्ञानेशनं हातातली सुतळी सोडली नाही. पण खोली एकदम लहान झाल्यासारखी झाली.

"हा आधी का उतरला, ज्ञाना?"

"सवय."

"कसली?"

"बसची." तो डब्याकडं बघून बोलत होता. "कुरुळी फाट्याला कंपनीची बस कधी थांबलीये का? हळू होते. मागं कंटेनर बोंबलत असतात. आपण उतरतो. डावा पाय आधी, तोंड पुढं, दोन पावलं पळत. सगळं चाकण असंच उतरतं. बास्केट एवढीशी वर राहिली होती, आणि पाय गेला माझा. मी पाठवला नाही. गेला. तेवढ्यात खालनं वारं आलं, बास्केट झुलली, आणि कडं आलं पायावर. बुटाची लोखंडी टोपी आत वळली. बूट कापून काढला तिथंच, प्लॅटफॉर्मवरच्या दवाखान्यात. दोन बोटं बुटातच होती."

अंबुबाईनं तोंडाला पदर लावला.

"मग बोटीवर कसा आलास?"

"आणला. स्ट्रेचरवर घातलं, त्याच बास्केटमधनं खाली बोटीत सोडला. मग लिहिलं, बोटीवर घसरला. जयदीप म्हणाला, उडी मारली म्हणून सांगशील तर तुझीच चूक, दमडी मिळणार नाही. घसरलो म्हण, घसरणं कुणाच्या हातात नसतं."

"आणि तू ऐकलंस त्याचं? मला नाही विचारलंस?"

ज्ञानेशनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. "तुला काय विचारू? तूच लिहितेस ना ती शेवटची ओळ?"

तिनं परात उचलली, मोरीत ओतली. पाणी जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

या मुलखाचं हेच खरं ट्रेनिंग आहे. वेल्डिंग, प्रेस, सीएनसी वगैरे नंतर. आधी माणसाला शिकवतात की काही मोडलं तर ते तुझ्यामुळं. इतकं मुरवतात, की पाय चेंगरलेला माणूससुद्धा डॉक्टरच्या आधी स्वतःची चूक लपवायला धावतो. आणि ते मुरलेलं भय जयदीपसारख्यांना बरोबर ठाऊक असतं. दोरी तेवढी ओढायची.

कुसुमताईंनी सगळं ऐकलं. बास्केटचं त्यांनी दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा केवळ आवडलं म्हणून.

"मूर्खा," त्या शेवटी म्हणाल्या, "चूक कुणाची हे हा कायदा विचारतच नाही."

"असं कसं?" ज्ञानेशला ते खरंच वाटेना. "विचारत नाही?"

"नाही. कामावर होतास का, आणि कामातून झालं का, एवढंच. गाफील राहिलास, घाई केलीस, पाय चुकला, चालतं. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्यांनासुद्धा कळलं होतं की यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस कधीतरी चुकणारच. तुमच्या साहेबांना अजून कळायचंय."

ज्ञानेश जयमालाकडं बघायला लागला. ती कुसुमताईंकडं. दोघांनाही कुणीतरी भलत्याच देशाचा कायदा सांगतंय असं वाटत होतं.

"पण," कुसुमताई म्हणाल्या, आणि त्यांनी ते पण टेबलावर आपटलंच, "एक मेख आहे. सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला असेल, तर कंपनी हात वर करू शकते. टेकेपर्यंत उतरू नका, असं सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. हिंदीत. इंग्रजीतही."

"मग खरं सांगितलंस तर त्यांच्या हातात सुरी देशील. खोटं सांगितलंस तर सिंगापूर. ठरव."

"ताई, तुम्ही काय कराल?" जयमालानं विचारलं.

"मी शपथेवर खोटं लिहून घेत नाही. म्हणजे माझ्याकडं यायचं तर एकच रस्ता."

"आणि त्यांनी याला दोष दिला तर?"

"देऊ दे की," कुसुमताई म्हणाल्या. चष्म्याआड त्यांचे डोळे भलतेच चमकत होते. "अगदी मनापासून देऊ दे."

घरी येताना बसमध्ये ज्ञानेश दाराकडं बघत बसला होता. मोशीचा थांबा आला, बस पूर्ण थांबली, तरी तो क्षणभर उठला नाही. मग म्हणाला, "सगळे हसतील गं. भर कोर्टात. बसमधनं उडी मारायच्या सवयीनं समुद्रात पाय घालवला."

"हसू दे," जयमाला म्हणाली. "मी हसले का?"

"तू रडलीस. मोरीत. मला ऐकू आलं."

त्यानं खरं लिहून दिलं.

शिवाजीनगरच्या कामगार न्यायालयात त्या दिवशी गर्दी होती, पंखे होते, वारा नव्हता. नुकसानभरपाईच्या दाव्यांत आयुक्त म्हणून बसणाऱ्या न्यायाधीश बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. कंपनीचे वकील मुंबईहून आले होते. कपडे पांढरेशुभ्र, कडक, बोलणं तुपात घोळलेलं. मागच्या बाकावर जयदीप बसला होता. त्यानं ज्ञानेशकडं पाहून मान हलवली, जणू अजून वेळ गेलेली नाही.

ज्ञानेश पिंजऱ्यात उभा राहिला. खुर्ची दिली होती, ती त्यानं घेतली नाही.

मुंबईचे वकील त्याचं प्रतिज्ञापत्र हातात धरून हसले. जयमालाला ते हसणं ओळखीचं वाटलं. खराब भाग हाती लागला की तिचा मॅनेजर असाच हसतो.

"म्हणजे तुम्ही घसरला नाहीत."

"नाही साहेब."

"तुम्ही उडी मारलीत."

"हो."

बाकांवर कुणीतरी फसकन हसलं. ज्ञानेशचे कान लाल झाले.

"का मारलीत?"

"सवयीनं. आमच्याकडं बसमधनं तसं उतरतात."

"बसमधनं!" वकिलांनी बाईंकडं पाहून हात पसरले. आता त्यांना सूर सापडला होता. "टेकेपर्यंत उतरू नका असा हुकूम होता की नाही?"

"होता."

"तुम्हाला कळला होता?"

"कळला होता."

"बाकीचे सगळे बास्केट टेकल्यावर उतरले. एकाला ओरखडा नाही. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्याच डोळ्यांदेखत शिट्टी वाजवणारा माणूस समोर प्लॅटफॉर्मवर उभा होता. त्यानं हात वर करून तुम्हाला थांबा अशी खूणही केली. तो आमच्याकडं आहे, आम्ही त्याला साक्षीला आणू. तरीही हुकूम धाब्यावर बसवून तुम्ही त्याच्यासमोर खाली उडी घेतलीत. ही निव्वळ तुमची चूक आहे की नाही?"

ज्ञानेशनं कठडा धरला. जयमालाला वाटलं, आता हा नाही म्हणेल. इतकी वर्षं जे मुरलंय ते आता बाहेर येईल आणि हा म्हणेल, नाही साहेब, मी घसरलो.

"माझी चूक आहे," ज्ञानेश म्हणाला. "मी उतरलो. थांबायला पाहिजे होतं."

वकील समाधानानं खाली बसायला लागले. अर्धवट बसलेही.

"थांबा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्या लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली. "वकीलसाहेब, शिट्टीवाला कुठं उभा होता म्हणालात?"

"प्लॅटफॉर्मवर, मॅडम."

"आणि अर्जदारानं त्याच्यासमोर उडी घेतली."

"हो. म्हणजे..."

"तुमच्या लेखी म्हणण्यात अर्जदार बोटीच्या डेकवर तेलावरून घसरला आहे. आता तुम्हीच म्हणता, तो तुमच्या साक्षीदारासमोर प्लॅटफॉर्मवर उतरला. बोटीवर घसरलेला माणूस प्लॅटफॉर्मवर उडी कशी मारतो, हे मला जरा सांगाल?"

आता कुणी हसलं नाही. मुंबईचे वकील बसलेले उठले. तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी मागं वळून जयदीपकडं पाहिलं. जयदीप मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधत होता.

कुसुमताईंनी काहीच केलं नाही. चष्मा पुसला.

जयमालाला मग कळलं. दोष द्यायचा म्हटलं की ज्याला द्यायचा त्याला आधी तिथं नेऊन उभा करावा लागतो. कंपनीला दोन्ही पाहिजे होतं: पाय बोटीवर, चूक प्लॅटफॉर्मवर. चूक दाखवायचा मोह सुटला नाही, आणि त्या मोहापायी त्यांनीच ज्ञानेशला हाताला धरून प्लॅटफॉर्मवर चढवला.

बाईंनी ज्ञानेशला विचारलं, "तुमचा पाय कशावर पडला?"

"लोखंडी जाळीवर, मॅडम. प्लॅटफॉर्मच्या."

"खात्री आहे?"

"दोन बोटं तिथंच राहिलीत, मॅडम. मी घेऊन आलो नाही."

पुढच्या तारखेला निकाल आला. सबंध दाव्याचा नाही, त्या पहिल्या प्रश्नाचा. प्लॅटफॉर्म समुद्राच्या तळाशी पक्का बांधलेला आहे, तळावर हक्क भारताचा आहे, अपघात तिथं झाला हे कंपनीच्याच बोलण्यात आलं आहे, अर्जदार मोशीला राहतो, म्हणून हे न्यायालय दावा ऐकेल. हुकूम मुद्दाम मोडला का, ते पुढं पुराव्यावर बघू.

"म्हणजे जिंकलो का?" ज्ञानेशनं विचारलं.

"दारातून आत आलास," कुसुमताई म्हणाल्या. "आता मुद्दाम आणि सवय यांतला फरक मला सिद्ध करायचाय. शिट्टीवाल्याची उलटतपासणी मीच घेईन. तुमची ती कुरुळीची बस एकदा बघायला येते मी."

जिन्यात जयदीप आडवा आला. आज हातात सफरचंदं नव्हती. "ज्ञाना, माझी नोकरी घालवलीस भावा."

"मी नाही," ज्ञानेश म्हणाला. "तुझे वकील बोलले." आणि वॉकरच्या जागी आलेली काठी टेकत एकेक पायरी उतरत गेला, एक पाय पूर्ण टेकल्याशिवाय दुसरा न उचलता.

बाहेर येऊन जयमालानं आईला फोन लावला. अंबुबाईनं पहिल्याच घंटीला उचलला. फोन हातात धरूनच बसली असणार.

"आई, कोर्ट ऐकणार म्हणालं. इथंच. पुण्यात."

"ऐकनार व्हय? बरं झालं माय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "जयमाला, एक इचारू का?"

"विचार की."

"त्येची ती बोटं पडली, ती जागा... ती आपल्या देशात हाय म्हनायची?"

जयमाला रस्त्याच्या कडेला थांबली. कुसुमताईंचा नकाशा, बारा मैल, वरचा मजला, खालचा मजला, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आईला खोटं सांगायचं नव्हतं.

"देश असं नेमकं नाही म्हणता येत आई. पण तिथं कायदा आपला चालतो."

"कायदा आपला तर जागा आपलीच की," अंबुबाई म्हणाली. तिनं सुस्कारा टाकला, तो फोनमधून स्पष्ट आला. "मला बाई घोर लागला हुता. लेकराचं अंग परक्याच्या मुलखात पडलंय म्हून."